साधी चकती

रस्ता ओलांडायच्या दिव्यापाशी उभं असताना जुन्या इमारतीत शेजारी राहणाऱ्या मावशी भेटल्या. त्यांनी विचारलं, "आई कशी आहे रे?" आणि तो म्हणाला, "उत्तम." आई जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. मावशी म्हणाल्या, "माझी आठवण सांग हो तिला," तो म्हणाला, "सांगतो ना," तेवढ्यात दिवा हिरवा झाला आणि मावशी आपल्या चाकांच्या पिशवीसकट गर्दीबरोबर पलीकडे निघून गेल्या. तो अलीकडेच राहिला. वास्तविक त्यालाही पलीकडेच जायचं होतं. पण ज्यांना आपण आत्ताच एका वारलेल्या माणसाची खुशाली कळवली, त्यांच्या बरोबरीने चालायचं कसं, आणि चालता चालता "ते आपलं हे, आई गेली बरं का" हे कितव्या पांढऱ्या पट्ट्यावर म्हणायचं, याचा हिशेब लागेना. त्याने दिवा परत लाल होऊ दिला. मागून एक सायकलवाला म्हणाला, "काका, रंग आवडला नाही का?" त्यावरही त्याने मान हलवून होकार दिला.

वाईट वाटलं नव्हतं, खटकत होतं ते तेच. 'उत्तम' हा शब्द आतून कुठूनतरी तयार मालासारखा आला होता, वेष्टणासकट. विचारणाऱ्याने विचारलं, याने काढून दिला. मध्ये कुणी आत डोकावून बघितलंच नाही. चालताना त्याने तो शब्द जिभेवर पुन्हा घेऊन पाहिला. गुळगुळीत लागला. इतका गुळगुळीत, की तो फार वेळा वापरला गेला असणार. कधी? घरी तर तो कुणाला उत्तम म्हणत नसे. बायकोने केलेल्या नव्या पडद्यांनाही तो "ठीक" म्हणाला होता आणि त्याचे परिणाम आठवडाभर भोगले होते. मग हा शब्द कुठला? फुटपाथवर कुणीतरी पाणी मारून ठेवलं होतं. ओल्या फरशीचा वास आला, त्यात जंतुनाशकाची कडवट झाक होती. दवाखान्याची मार्गिका. आईच्या शेवटच्या दिवसांत फोनवर फोन यायचे, मामा, चुलत बहिणी, पतपेढीतले लोक. तो भिंतीला पाठ लावून सगळ्यांना "उत्तम, उत्तम आहे, झोपलीये" असं सांगत असे, कारण खरं सांगितलं की लोक यायला निघायचे. आणि त्या सगळ्या फोनांच्या मध्ये एक फोन प्रयोगशाळेतून आला होता. थंडोबाचा.

थंडोबा म्हणजे द्रव हेलियमचं काम बघणारा माणूस. हे नाव त्याला हेलियममुळे मिळालं की स्वभावामुळे, यावर प्रयोगशाळेत दोन पक्ष होते. तो फोनवर म्हणाला होता, "सर, डबा आम्लातून धुऊन आलाय. थराची चकती लावायच्या आधी एकदा साधी चकती लावून बघायची का?" आणि भिंतीला टेकलेला तो म्हणाला होता, "नको, नको. उत्तम आहे."

तो रस्त्यातच थांबला. या वेळी मागे सायकलवाला नव्हता.

तो पोकळ्या बनवायचा. लग्न ठरताना सासऱ्यांनी "नक्की काय करता आपण?" असं विचारलं, तेव्हा त्याने तरुणपणीच्या प्रामाणिकपणाने हेच उत्तर दिलं होतं. सासऱ्यांनी बराच वेळ चष्मा पुसून विचारलं होतं, "आणि याचा पगार मिळतो?" मिळत होता. प्रयोगशाळेत त्याला सगळे पोकळीवाले म्हणत आणि त्याच्या पोकळीला डबा म्हणत. डबा नायोबियम नावाच्या धातूचा, दोन हातांत मावेल एवढा, आतून आरशासारखा. त्यात रेडिओलहर सोडायची. डबा द्रव हेलियममध्ये बुडवून इतका गार करायचा, की धातूच्या अंगावरून वीज जवळजवळ न तापता फिरते. मग लहर एकदम बंद करायची आणि आत घुमणारा नाद विरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. जितका उशिरा विरेल तितका धातू कमी तापतो, तितका निरोगी. डब्याचा तळ सुटा होता. तळ म्हणून एक चकती आवळून बसवायची आणि ज्या पातळ थराची परीक्षा घ्यायची तो त्या चकतीवर चढवलेला असायचा. डब्याचा स्वतःचा ताप आधीच मोजून ठेवलेला. तो एकूण तापातून वजा केला की उरतो तो थराचा. सगळी इमारत या वजाबाकीवर उभी. वजा करायचा आकडा काढायला एक साधी चकती होती, डब्याच्याच धातूची, थर-बीर काही नसलेली. ती लावली की डबा फक्त स्वतःविषयी बोलतो.

आणि या डब्यावर त्याचा जीव होता, कारण त्यात त्याची खाच होती. अशा गोल डब्यात एकाच सुरावर दोन नाद घुमतात, जुळे भाऊच म्हणा. एक सरळमार्गी. त्याचे प्रवाह गोलगोल फिरतात, तळाच्या सांध्याच्या कडेकडेने जातात, पण सांधा ओलांडत नाहीत. दुसरा उडाणटप्पू, त्याला सांधा ओलांडल्याशिवाय चैन पडत नाही, आणि एकदा सांध्यात शिरला की असेल नसेल ते उधळून येतो. दोघांचा सूर एक, त्यामुळे पहिल्याला हाक मारली की दुसरा सोबत हजर. जगात लोकांनी यावर नाना उपाय केले होते. त्याने डब्याच्या वरच्या कडेला आतून एक बारीक खाच कोरली, जिथे पहिल्याचा पाय पडत नाही आणि दुसऱ्याचा हमखास पडतो. दुसऱ्याचा सूर उतरला, तो बाजूला झाला. ही खाच किती खोल, किती रुंद, याच्यात त्याच्या आयुष्याची चांगली वर्षं गेली होती. मुलगी चालायला लागली तेव्हा तो खाचेच्या रुंदीत होता, ती घर सोडून शिकायला गेली तेव्हा खाचेच्या खोलीत. आम्ल धातूचा वरचा थर खाऊन टाकतं. म्हणून तर धुतात. पण आम्लाला खाच कुठली आणि भिंत कुठली हे कळत नाही. कड थोडी जरी जास्त खाल्ली गेली, की खाच पसरट होते आणि जुळे पुन्हा शेजारी येतात. पडद्यावर दोघांची शिखरं वेगवेगळी दिसत राहतील. पण वेगळे राहणारे भाऊसुद्धा एकमेकांच्या खिशात हात घालतात.

आणि त्या धुण्यानंतर त्या डब्यात थरवाल्या बाईंचे तीन थर तपासले गेले होते. तिन्ही तापले होते. तिन्ही वेळा त्याने वजाबाकी केली होती, आम्लाच्या आधीच्या आकड्याने. मधल्या काळात डब्याचा ताप वाढला असेल, तर तो थरांच्या माथी गेला होता.

थरवाल्या बाई त्याच्याहून बऱ्याच लहान, मान एका बाजूला कलती ठेवून ऐकणाऱ्या. तांब्यावर कथिल आणि नायोबियमचा इतका पातळ थर चढवायच्या की तो डोळ्यांना दिसायचा नाही, फक्त तांबं जरा नाराज झाल्यासारखं दिसायचं. थर जमला तर महागडे, धातूने भरगच्च डबे करायला नकोत, नुसता तांब्याचा डबा आणि आतून एक थर. शिवाय इतकं गार करायला नको. नाही जमला, तर उद्या दुपारच्या बैठकीत त्यांचं काम बंद होणार होतं. संचालकांनी तसं कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण बाईंच्या भट्टीची खोली कुणाला द्यायची यावर दोन विभागांत आधीच भांडण लागलं होतं, त्यावरून सगळ्यांना कळलं होतं. तिसरा थर वाईट निघाला तेव्हा बाई त्याच्या टेबलापाशी आल्या होत्या. "सर, डबा ठीक आहे ना?" एवढंच विचारलं होतं. आणि तो, खुर्चीतून न उठता... त्याने तेव्हा काय उत्तर दिलं हे त्याला आठवत नव्हतं. आठवायची गरजही नव्हती.

प्रयोगशाळेत पोचला तेव्हा डबा टेबलावर उघडा, उताणा पडला होता, कालची चकती काढलेली. त्याने दिव्याखाली धरून खाचेत पाहिलं. काही दिसत नव्हतं. जे दिसण्यासारखं असतं ते त्याच्या धंद्यात कधी महत्त्वाचं नसतं. आपलाच चेहरा खाचेच्या कडेवर बारीक, लांबट होऊन फिरत होता. कुणाला न सांगताही चालण्यासारखं होतं, हे त्याच्या लगेच लक्षात आलं, आणि लगेच लक्षात आलं याची त्याला लाज वाटली. निवृत्ती जवळ आली होती. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने या डब्याची नक्कल करायला परवानगी मागितली होती, खाचेसकट. उद्या बैठक होईल, भट्टी जाईल, बाईंना कुठेतरी सामावून घेतील, आणि आम्ल आपलं गप्प राहील. त्याने डबा खाली ठेवला. जरा जोरात ठेवला गेला.

"सर, हळू," थंडोबा दारातून म्हणाला. "तो काही बोललाय का तुम्हाला?"

"हेलियम किती आहे?"

"बैठकीनंतरच्या कामाचं आहे. तुमचं नाही."

"मला आज द्या. साधी चकती लावायचीय."

थंडोबाने त्याच्याकडे नीट पाहिलं. वर्षभरापूर्वीचा फोन त्याला आठवत होता की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरून आग लागलेली सुद्धा कळली नसती. "लावा," तो म्हणाला. "आत्ता बंद केलात तर उद्या सकाळी गार मिळेल. दुसऱ्या विभागाला सांगतो, टाकी गळतेय म्हणून. नाहीतरी त्यांना मी खरं सांगितलं तर पटत नाही."

बाईंना सांगावं की नाही, यावर तो जिन्यात दोनदा वर-खाली झाला. शास्त्राप्रमाणे सांगायला नको होतं. आधी मोजावं, मग बोलावं. पण त्याच्या आत काहीतरी उचंबळून येत होतं, आणि त्याला वाटलं ही सचोटी आहे. बाई भट्टीच्या खोलीत कपाट रिकामं करत होत्या. त्याने दारातच सगळं सांगून टाकलं: आम्ल, खाच, दवाखाना, फोन. बाईंनी मान कलती करून ऐकलं. हातातली कागदाची गुंडाळी त्यांनी हळूच परत कपाटात ठेवली. ती त्या ठेवत असताना त्याला कळलं की आपण काय करतोय, पण तोवर ठेवून झाली होती.

"म्हणजे माझे थर चांगले असतील?"

"असू शकतील."

"असू शकतील म्हणजे कितपत, सर? तुम्ही आकड्यांतली माणसं. अंदाज सांगा की."

तेव्हा "माहीत नाही" म्हणायचं होतं. तो म्हणाला, "बऱ्यापैकी."

बाई खुर्चीवर बसल्या, आणि मग हसल्या. तो हसू लागलेला चेहरा त्याने आधी कधी पाहिला नव्हता. तीन वर्षं एकाच मजल्यावर काम करून. "मला वेड लागलंय असं वाटत होतं हो," त्या म्हणाल्या. "रोज भट्टी बंद करताना वाटायचं, आज बरोबर झालंय, हाताला कळतंय. आणि तुमच्या खोलीतून येताना वाटायचं, माझा हातच खोटा. माझा मुलगा म्हणतो, आई, तू घरी पण भांडी दोनदा तपासतेस."

दुपारभर त्या दोघांनी शुभ्र झगे, टोप्या, मुखपट्ट्या चढवून डबा बंद केला. त्यांचे फक्त डोळे दिसत होते. सांध्यात मऊ धातूची तार वर्तुळात ठेवायची, टोकं एकमेकांवर चढवायची, मग चकती बसवून बोल्ट आवळायचे, ओळीने नाही, समोरासमोरचे, थोडे थोडे, पुन्हा थोडे थोडे, की तार सगळीकडून सारखी दबावी. बोलायला बंदी, श्वासातले कण पडतात. बाई पुढचा बोल्ट कुठला ते बोटाने दाखवत आणि त्याच्या आधी दाखवत. त्यांच्या हातमोज्यातल्या बोटांना घाई झाली होती. त्याला वाटलं, आपण एका वेगळ्याच माणसाबरोबर काम करतोय, आणि हे माणूस आपणच आज सकाळी तयार केलं. चकती आत गेली, तशी आतली पोकळी दिसेनाशी झाली. आता ती स्वतःविषयी काय सांगेल ते सांगेल.

घरी बायको म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसतेय."

"खुशीत? माझा डबा चुकला असेल तर आयुष्याचं काम गेलं, कळतंय का तुला?"

"कळतंय. म्हणून तर विचारते, खुशीत का?"

तो चिडला. पण अंथरुणावर पडल्यावर त्याला स्वतःला दिसलं: बैठक भरली आहे, तो उठून उभा राहतो, सांगतो की चूक माझी, बाईंचे थर निर्दोष आहेत, खुर्च्या सरकतात, कुणीतरी खाकरतं. त्यात तो स्वतः जरा उंच दिसत होता. बायकोला हे कसं दिसलं, याचं त्याला नवल वाटलं नाही. ती त्याला कधी साधी चकती लावून बघत असे कुणास ठाऊक.

सकाळी नळ्यांवर बर्फाची साय धरली होती. पंप एकसुरी घरघरत होता. थंडोबा टाकीला कान लावून उभा, बाई कालचेच कपडे घालून आल्यासारख्या, पण डोळे स्वच्छ. "काल किती दिवसांनी झोपले," त्या म्हणाल्या. लहर सोडली. सूर शोधत पडद्यावरची रेघ सरकत होती, आणि आधी उडाणटप्पूचं शिखर आलं, मग बऱ्याच अंतराने सरळमार्ग्याचं. अंतर होतं तेवढंच होतं. अंतराने काही सिद्ध होत नाही, तो मनाशी म्हणाला. आणि हे आपण कुणाच्या बाजूने म्हणालो हे त्याला कळेना. सुरावर थांबून त्याने डबा भरू दिला. मग लहर तोडली.

रेघ उतरू लागली. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ, पण यंत्र तो ताणून दाखवतं, उताराच्या रस्त्यासारखा. लवकर खाली यावी, त्याने मनात म्हटलं, लवकर, कोसळू दे. रेघ रमत गमत उतरली. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तसंच. लहर कमी करून, वाढवून, हेलियमवरचा दाब उतरवून, आणखी गार करून. डबा घुमत राहिला. आम्लाने त्याचं काही बिघडवलं नव्हतं. उलट खरबरीतपणा गेल्याने तो पूर्वीपेक्षा किंचित चांगलाच झाला होता. म्हणजे वजा करायचा आकडा आणखी लहान. म्हणजे थरांचा ताप आत्तापर्यंत सांगितला त्याहून थोडा जास्तच.

आणि तेव्हा, छातीच्या मधोमध, त्याला आनंद झाला. लख्ख, लहान मुलासारखा. माझी खाच! तो एक क्षणच टिकला, रेघेएवढा. पण बाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या आणि पडद्याच्या काचेत त्याचा चेहरा दिसत होता.

"अभिनंदन, सर," बाई म्हणाल्या. खरोखरच म्हणाल्या, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही मला आधी सांगायला नको होतं. तुमचा डबा वाईट असेल, हे मनातल्या मनात म्हणत मी वर्षभर काम केलं. कुणाला सांगितलं नाही, पण ते होतं. आता तेही तपासून झालं."

"पुन्हा एकदा गरम करून, गार करून बघू. कधी कधी..."

"नको ना, सर," त्या म्हणाल्या. थंडोबाने पंप बंद केला.

बैठकीत त्याला उठून उभं राहावं लागलं नाही. संचालकांनी विचारायच्या आत बाईंनीच सांगितलं की डब्याची फेरतपासणी झाली, डब्यात दोष नाही, दोष थरांत आहे. कशामुळे ते कळायला वेळ हवा. हे त्यांनी आकड्यांसकट सांगितलं, मान सरळ ठेवून. त्याने मध्येच म्हटलं, "वेळ द्यायला हवा त्यांना. हात चांगला आहे त्यांचा." सगळ्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. निर्दोष माणसाच्या औदार्याला फार किंमत नसते, पण ते दिसायला छान दिसतं. संचालक मोकळ्या मनाचे गृहस्थ होते. ते म्हणाले की अशी सचोटी दुर्मीळ, स्वतःच्या उपकरणावर स्वतः संशय घेणं. या डब्यासारखं यंत्र दुसरीकडे कुठे नाही. तेव्हा थरांच्या कामातून मोकळा होणारा निधी आणखी दोन डबे करण्याकडे वळवावा. भट्टीची खोली त्यासाठी घ्यावी. आणि पोकळीवाल्यांना कधीपासून हाताखाली माणूस हवं होतं, तर बाई आता मोकळ्याच आहेत. चहा आला. "सर्वांची सोय झाली," संचालक म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्याला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलं होतं. पण ते वाक्य म्हणजे "मला डबे नकोत" असं होतं, आणि डबे त्याला हवे होते.

पुढच्या सोमवारी बाई त्याच्या खोलीत आल्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं. त्याने खाचेचं रेखाचित्र त्यांच्यापुढे पसरलं आणि समजावू लागला: इथे पहिल्याचा पाय पडत नाही, इथे दुसऱ्याचा पडतो, रुंदी अशी का, खोली अशी का. इतकं नीट त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं. बाई मान कलती ठेवून ऐकत होत्या, मध्येच नेमका प्रश्न विचारत होत्या, आणि हळूहळू त्याचा आवाज मोकळा होत गेला. तासाभरात तो हातवारे करू लागला. मुलगी चालायला लागली ते सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं. बाई हसल्यासुद्धा. बाहेरून भट्टी हलवल्याचा आवाज येत होता, लोखंडी, ओढत नेल्याचा, तेवढ्यापुरते दोघं थांबले.

आवाज दूर गेल्यावर बाईंनी मान खाली घालून वहीत जुना एक आणि नवे दोन, अशा तिन्ही डब्यांच्या तीन चौकटी काढल्या, शेजारी शेजारी, टापटीप.

"कळलं, सर," त्या म्हणाल्या. "आणि यांच्यात तपासायला ठेवायचं काय?"